कुमुदचे साडेसहा किलो

डॉक्टरांनी कुमुदला वजन कमी करायला सांगितलं, तेव्हा "हो" म्हटलं ते तिच्या वहिनीने.

जुलैचा पहिला आठवडा होता. दिल्लीतल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलच्या सातव्या मजल्यावर, लिव्हरच्या डॉक्टरांसमोर तिघं बसली होती. कुमुद, तिचा थोरला भाऊ विश्वास आणि विश्वासची बायको नीला. विश्वासचं लिव्हर कामातून गेलं होतं. त्यात दारूचा काही हात नव्हता, त्याने आयुष्यात बिअरसुद्धा चाखली नव्हती. वर्षानुवर्षं वाढत गेलेलं वजन, मधुमेह, आणि सगळे सांगत असूनही न सुटलेलं गोड. लिव्हरवर आधी चरबी चढली, मग ते आतून दगडासारखं होत गेलं. आता दर पंधरा दिवसांनी त्याच्या पोटातलं पाणी काढावं लागत होतं. नवं लिव्हर बसवणं एवढाच उपाय उरला होता, आणि त्यासाठी घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा मोठा तुकडा द्यायचा. देणाऱ्याचं लिव्हर काही महिन्यांत पुन्हा भरून येतं, असं डॉक्टर म्हणाले. दुधी चिरण्याबद्दल बोलावं इतक्या सहज म्हणाले.

कुमुदचा रक्तगट जुळत होता. नीलाचा जुळत नव्हता. त्यांचा एकुलता एक मुलगा पुष्कर, वय सत्तावीस, त्याचा गट ए पॉझिटिव्ह, म्हणजे तोही बाद. तसं नीलानेच फॉर्मवर लिहून दिलं होतं. राहिली कुमुद. वय सत्तेचाळीस, उंची पाच फूट एक इंच, वजन एक्याऐंशी किलो. आणि स्कॅनमध्ये तिच्याही लिव्हरवर चरबी दिसली होती.

"दस हफ्ते हैं," डॉक्टर म्हणाले. "नौ किलो कम कीजिए, फिर देखेंगे. और मैडम, भाई को न भी देना हो, तो भी कीजिए. आप भी उसी रास्ते पर हैं."

"करेगी, करेगी. हो ना गं कुमुद?" नीला म्हणाली.

कुमुदने मान हलवली. भाऊ समोर पिवळ्या डोळ्यांनी बघत बसलेला असताना दुसरं काय करणार!

कुमुदचे वडील साताऱ्याहून दिल्लीला आले ते केंद्र सरकारात कारकून म्हणून. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, दोन खोल्यांत ही भावंडं वाढली. दादा आठ वर्षांनी मोठा. त्याला दुसऱ्यांदा वाढताना आई कधी विचारायची नाही. कुमुदने पुन्हा मागितलं की "किती खाशील गं" हे ऐकून मगच पोळी ताटात पडायची. शाळेत मुली तिला मोटी म्हणत, घरी सगळे गोलू म्हणत, आणि ती दोन्हीकडे हसत असे. हसायचं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी तोंडात टाकायचं, ही सवय तेव्हाची.

तरी दादावर तिचा जीव होता. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेला त्यानेच तिला स्कूटरवरून नेलं होतं आणि पेपर संपेपर्यंत जूनच्या उन्हात गेटबाहेर उभा राहिला होता. त्या परीक्षेवर तिला नोकरी लागली. आता ती एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होती. नवरा राजीव विम्याच्या कंपनीत, मुलगी शिवांगी बंगळुरूला नोकरीला, आणि फरीदाबादला सेक्टर सोळामध्ये स्वतःचा फ्लॅट. सरळ रेषेत चाललेलं आयुष्य होतं.

हॉस्पिटलने तिला इशिता नावाची आहारतज्ज्ञ दिली. जेमतेम तिशीची, चष्मेवाली, दिल्लीची पंजाबी मुलगी. तिने उपासतापास काही सांगितले नाहीत. सकाळी अंडं किंवा मुगाचं धिरडं, एक वाजता दोन फुलके, डाळ, भाजी आणि दही, संध्याकाळी मूठभर चणे, रात्री आठच्या आत हलकं जेवण. पाऊण तास चालणं. वजन फक्त सोमवारी करायचं.

कुमुद सकाळी साडेपाचला सेक्टरच्या पार्कात चालायला लागली. पहिले दहा दिवस ती दातओठ खात चालली. पार्कातल्या बाकावरचे म्हातारे तिला मोजल्यासारखे बघायचे. एकदा एक जण म्हणालाच, "बेटी, धीरे धीरे, गिर मत जाना." ऑफिसात जी बाई वर्षानुवर्षं "मैडम, थोड़ा कंट्रोल करो" म्हणायची, तीच आता "मैडम, बीमार लग रही हो" म्हणून बर्फीचा डबा पुढे करायला लागली. कुमुद मनातल्या मनात तिच्या डोक्यावर तो डबा आपटायची आणि वर म्हणायची, "नहीं जी, थैंक यू."

सहा आठवड्यांत वजन साडेचौऱ्याहत्तर झालं. साडेसहा किलो. केंद्रीय सचिवालय स्टेशनचा जिना आता ती न थांबता चढायची. सकाळी उठल्यावर टाचा दुखायच्या त्या थांबल्या होत्या. आपण हे कुणासाठी करतोय हे ती मधूनमधून विसरायचीसुद्धा, आणि ते दिवस तिचे सगळ्यात चांगले जायचे.

पण तिला फार दिवस विसरू देणारं कुणी नव्हतं. नीलाचा रोज संध्याकाळी सातला फोन यायचा. "आज काय खाल्लंस?" नातेवाइकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप नीलाने केला होता, 'दादासाठी' नावाचा. दर सोमवारी नीला त्यावर कुमुदचं वजन टाकायची, पुढे हात जोडलेली चित्रं. मग पुण्याहून मावशी लिहायची, 'शाब्बास कुमुद, अजून थोडं.' ठाण्याचा मामेभाऊ अंगठा दाखवायचा. ज्या माणसाला कुमुद सात वर्षांत भेटली नव्हती, त्याला तिचं या आठवड्याचं वजन माहीत होतं. तिची कानशिलं तापायची. पण दादा आजारी आहे, म्हणून ती गिळायची.

ऑगस्टमधल्या तिसऱ्या रविवारी विश्वासचा पंचावन्नावा वाढदिवस होता. कुमुद एकटीच नोएडाला दादाच्या घरी गेली. राजीवला ऑडिटचं काम होतं.

नीलाने मोठा स्वयंपाक केला होता. पुऱ्या, बटाट्याची भाजी, अळूवड्या, श्रीखंड. विश्वासपुढे बिनमिठाची खिचडी. आणि कुमुदपुढे एक वेगळी ताटली, मोड आलेले मूग आणि काकडीच्या चकत्या.

"तुझ्यासाठी वेगळं केलंय हं," नीला म्हणाली.

इशिताने तिला सांगून ठेवलं होतं की सणासमारंभाला एखादी पुरी, चमचाभर गोड खाल्लं तर काही बिघडत नाही, फक्त ताटात वाढून घेऊन खायचं. कुमुदने एक अळूवडी घ्यायला हात पुढे केला. नीलाने बशी अलगद उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली.

"नको गं. अडीच किलो राहिलेत अजून आपले."

"खाऊ दे की तिला एक," विश्वास म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुमच्यासाठीच चाललंय ना सगळं?"

आपले अडीच किलो! कुमुदने मूग चावले. ते तिला मातीसारखे लागले. पुष्कर मान खाली घालून श्रीखंड खात होता. त्याने दुसऱ्यांदा घेतलं.

जेवण झाल्यावर ती बेसिनवर हात धुवायला गेली. शेजारच्या खुंटीवर पुष्करच्या ऑफिसचं ओळखपत्र निळ्या पट्टीने लटकत होतं, उलटं. हात पुसता पुसता तिचं लक्ष गेलं. मागच्या बाजूला कंपनीचा पत्ता, इमर्जन्सीला फोन करायचा नंबर, आणि त्याखाली रक्तगट. ओ पॉझिटिव्ह.

तिने ते दोनदा वाचलं. ओ म्हणजे कुणालाही चालतो. सहा आठवडे हॉस्पिटलच्या बाकांवर बसून एवढं तिला कुणीही न सांगता पाठ झालं होतं.

मागे पुष्कर उभा होता, हातात खरकटी वाटी घेऊन. त्याने तिच्याकडे बघितलं, तिच्या हातातल्या कार्डाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"आत्या, ते..."

कार्डावर चूक आहे, असंसुद्धा तो म्हणाला नाही. तेवढ्यावरून कुमुदला सगळं कळलं.

बाहेरच्या खोलीत विश्वास उशांना टेकून डोळे मिटून पडला होता. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. त्याच्यासमोर तमाशा नको म्हणून ती पर्स उचलून निघाली. "चहा तरी घे, बिनसाखरेचा," असं नीला म्हणाली, तेव्हा कुमुदने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या दुपारी कळलं. सेक्टर चौतीसच्या रस्त्यावर ऊन आणि दमट हवा, अंगाला कुर्ता चिकटलेला. मेट्रो स्टेशनच्या अलीकडे एक छोले-भटुऱ्यांचं दुकान होतं. ती आत शिरली. एक प्लेट मागवली. भटुरे तिने चावले नाहीत, फाडले. दुसरी प्लेट मागवली. लस्सी घेतली. चव लागत होती का, हे तिला नंतर आठवेना. दुकानातून निघताना तिने पाव किलो गुलाबजाम बांधून घेतले आणि बॉटॅनिकल गार्डनला गाडी बदलण्याआधी, प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर बसून, डबा मांडीवर ठेवून संपवले. पाकाचे हात ओढणीला पुसले.

सोमवारी तिने वजन केलं नाही. नीलाचा मेसेज आला, 'किती?' तिने उत्तर दिलं नाही. ऑफिसात कुणाचं तरी प्रमोशन झालं होतं. समोसे होते, लाडू होते. तिने डबा परत बॅगेत ठेवून दिला आणि समोशांवर हात मारला. संध्याकाळी घरी शिरा केला, तुपाने थबथबलेला, आणि ओट्यापाशी उभं राहून कढईतूनच खाल्ला. राजीवने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." पुष्करच्या कार्डाबद्दल तिने त्यालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर खावं लागलं नसतं कदाचित.

मंगळवारी तिला स्वतःची किळस आली. शिक्षा म्हणून ती दिवसभर काळ्या चहावर राहिली. चार वाजता फाइलवरची अक्षरं हलायला लागली. साडेसहाला मेट्रोतून उतरताच तिने स्टेशनबाहेरच्या गाड्यावर तीन ब्रेड पकोडे खाल्ले, आणि घरी येऊन टोस्टचं आख्खं पाकीट चहात बुडवून संपवलं.

बुधवारी सकाळी ती काट्यावर उभी राहिली. शहात्तर पॉइंट नऊ.

ती तशीच उभी राहिली. राजीव दाढी करत होता. त्याने आकडा बघितला, रेझर खाली ठेवला आणि फार मायेने म्हणाला, "जाऊ दे ना कुमुद. किती त्रास करून घेशील? नाही उतरलं वजन तर डॉक्टरच नाही म्हणतील. तुझ्यावर काही येणार नाही. सगळ्यांना दिसतंय तू किती केलंस ते."

कुमुद काट्यावरून खाली उतरली. राजीव काही वाईट बोलला नव्हता. पण जे तो मोठ्याने बोलला, तेच गेले तीन दिवस तिच्या मनाच्या तळाशी चाललं होतं. प्रत्येक भटुऱ्याला, प्रत्येक लाडवाला. वजन वाढू दे. मग डॉक्टर नाही म्हणतील. मग मला कुणाला काही म्हणावं लागणार नाही.

"म्हणजे मी नाही म्हणण्यासाठी खात होते?" ती ओरडली. "माझं तोंड काय शिवलंय? सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, बावीस माणसांचं सेक्शन चालवते, आणि मला नाही म्हणायला ब्रेड पकोडे लागतात?"

राजीवच्या गालावर साबण सुकत होता. "अगं, मी काय म्हणालो?"

मग तिने त्याला कार्डाबद्दल सांगितलं. एका दमात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आणि हॉलमधून स्वयंपाकघरात फेऱ्या मारत. राजीव ऐकून खुर्चीवर बसला.

"संपला विषय," तो म्हणाला. "द्यायचं नाही. मी फोन करतो विश्वासरावांना."

"तू कुणाला फोन करायचा नाहीस! देणार की नाही ते मी ठरवीन. आणि वजन मी माझं उतरवलंय. त्यांच्या खोटेपणापायी मी ते परत अंगावर घेणार नाही. त्यांना लिव्हर द्यायचं की नाही हा वेगळा प्रश्न. साडेसहा किलो माझे आहेत."

साडेनऊला तिने ऑफिसच्या जिन्यात उभं राहून इशिताला फोन लावला आणि तीन दिवसांचा सगळा हिशेब सांगितला, गुलाबजामांसकट. इशिता काहीतरी सुनावेल म्हणून ती तयारीत होती. आज तिला कुणाशी तरी भांडायचंच होतं.

"आज सुबह से क्या खाया?" इशिताने विचारलं.

"कुछ नहीं. इतना खाने के बाद क्या खाऊँ?"

"यही गलती कल की थी, मैम. तीन दिन में ढाई किलो चर्बी नहीं चढ़ती. ज़्यादातर नमक और पानी है, उतर जाएगा. लेकिन भूखी रहेंगी तो शाम को फिर वही होगा. अभी नाश्ता कीजिए. रोज़ वाला. कम नहीं, ज़्यादा नहीं. एक बजे खाना. शाम को सैर. और अगले सोमवार तक मशीन पर मत चढ़िए."

"बस?"

"बस. कोई सज़ा नहीं है इसमें." मग ती म्हणाली, "मैम, एक बात. आपको शायद पता हो. ऑपरेशन से पहले डोनर से अकेले में पूछते हैं. आप मना करेंगी तो घरवालों को वजह नहीं बताई जाती. बस कह देते हैं कि फिट नहीं हैं."

"मना करना होगा तो मैं खुद करूँगी," कुमुद म्हणाली. "सबके सामने."

तिने कॅन्टीनमध्ये जाऊन दोन अंडी आणि एक टोस्ट खाल्ला. भूक नव्हती, लाज होती, आणि वर पुन्हा राग. तरी खाल्लं. एक वाजता डबा उघडला. संध्याकाळी चणे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला पार्कात. पाय जड झाले होते, पोट फुगलेलं होतं आणि बाकावरचा म्हातारा म्हणाला, "तीन दिन दिखी नहीं, बेटी?" "नहीं दिखी," असं त्याला तोडून टाकून ती पुढे गेली. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. दर संध्याकाळी पाच वाजता गोडाची तलफ उसळून यायची आणि दर वेळी ती आधी स्वतःला विचारायची की आत्ता कुणावर चिडलोय आपण. बहुतेक वेळा उत्तर असायचं नीला. मग ती चणे खाऊन जिने चढायची.

शनिवारी सकाळी ती नोएडाला गेली, न कळवता.

चौघं हॉलमध्ये बसली. विश्वास उशांना टेकून, पुष्कर लॅपटॉप मिटून. नीलाने ग्रुपचाच विषय काढला. "सोमवारी वजन नाही कळवलंस. सगळे विचारत होते. वाढलं की काय?"

"वाढलं," कुमुद म्हणाली. "दोन किलो चारशे ग्रॅम. तुमच्याकडून गेल्यावर मी दोन प्लेट छोले-भटुरे खाल्ले. लिहा ग्रुपवर. आणि त्याच्याखाली पुष्करचा खरा रक्तगट लिहा."

विश्वासला कळलं नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "कसला रक्तगट?"

"ओ पॉझिटिव्ह आहे त्याचा, दादा. त्याच्या ऑफिसच्या कार्डावर आहे. तुला चालतो. वहिनींनी फॉर्मवर ए लिहिलं."

विश्वासने बायकोकडे बघितलं. नीला आधी म्हणाली, कार्ड जुनं आहे. मग म्हणाली, तिला नक्की आठवत नव्हतं. मग तिचा आवाज चढला.

"हो, लिहिलं! काय चुकलं माझं? एकच मुलगा आहे मला. लग्नाचं बघतोय त्याच्या. पोटावर एवढा मोठा व्रण घेऊन उभा राहिला तर कोण मुलगी देईल? उद्या त्याला काही झालं तर? नवरा आणि मुलगा, दोघंही त्या टेबलावर?"

"आणि मी?"

"तुझं सगळं झालंय कुमुद. मुलगी मार्गी लागली, नोकरी झाली. तुझं आता राहिलंय काय?"

कुमुद उठून उभी राहिली. एवढ्या वर्षांत या घरात ती कधी आवाज चढवून बोलली नव्हती.

"माझं राहिलंय काय? मी राहिलेय वहिनी! सहा आठवडे माझ्या ताटावर पहारा केलात तुम्ही. अळूवडी उचलून नेलीत माझ्या हाताखालून. आपले अडीच किलो म्हणालात. मी काय बोकड आहे का, कापायच्या दिवसापर्यंत वजनावर ठेवलेला? घाबरला होतात तर तसं सांगायचं. कुमुद, मला मुलाची भीती वाटते, तू देशील का, असं एकदा तोंडाने विचारायचं. मी हो म्हटलं असतं. नुसतं विचारलं असतंत तरी!"

नीला रडायला लागली. पुष्कर म्हणाला, "आत्या, आईने सांगितलं आणि मी गप्प बसलो. मला भीती वाटत होती. मला माहीत होतं, यार, हे बरोबर नाहीये."

"मला नको कुणाचंच," विश्वास म्हणाला. "झालं तेवढं पुरे. माझं मी बघतो."

"तू तर बोलूच नकोस!" कुमुद त्याच्यावर उलटली. "दहा वर्षं डॉक्टर सांगत होते तुला. दिवाळीला किलोकिलोने काजूकतली खायचास आणि वर हसून म्हणायचास, खाऊन मरू. आता मरायची वेळ आली तर आम्हाला मोठेपणा दाखवतोस? कुणी मरणार नाहीये. ऐका. मी माघार घेत नाही. पण मी एकटीही जाणार नाही. सोमवारी पुष्कर आणि मी, दोघं तपासणीला जाऊ. जो डॉक्टरांना जास्त सुरक्षित वाटेल तो देईल. पुष्करला द्यायचं नसेल तर त्याने डॉक्टरांना तसं सांगावं, मी त्याला दोष देणार नाही. खोटं मात्र लिहायचं नाही. आणि तो ग्रुप आत्ता बंद करायचा. माझ्यासमोर."

पुष्करने आईचा फोन उचलला आणि ग्रुप बंद केला.

सोमवारी काटा पंचाहत्तर पॉइंट दोनवर आला. पुढचे आठवडे कुमुदने तेच केलं जे आधी करत होती. गणपतीत फरीदाबादच्या महाराष्ट्र मंडळात मोदक होते. तिने दोन ताटात घेतले, बसून खाल्ले आणि रात्री नेहमीसारखं जेवली. एका शुक्रवारी ऑफिसातल्या भांडणानंतर पुन्हा तोल गेला, अर्धा किलो सोनपापडी. त्या वेळी तिने तीन दिवस वाया घालवले नाहीत. पुढचं जेवण वेळेवर केलं, एवढंच. सप्टेंबरच्या मध्यावर वजन बहात्तरला टेकलं आणि स्कॅनमध्ये लिव्हर जवळजवळ स्वच्छ आलं.

आणि तरीही डॉक्टर नाही म्हणाले.

दादाला जेवढा तुकडा लागणार होता, तेवढा काढला तर कुमुदच्या अंगात जे उरलं असतं ते फार कमी होतं. तिच्या लिव्हरची ठेवणच तशी होती. पुष्करचं प्रमाण चांगलं होतं. डॉक्टरांनी पुष्करला एकट्याला आत बोलावून विचारलं. तो वीस मिनिटांनी बाहेर आला आणि म्हणाला, "मी देतोय."

कुमुदला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण त्याआधी तिला भयंकर राग आला. अडीच महिने! आणि आता म्हणे बसत नाही. लिफ्टची वाट न पाहता ती सात मजले तरातरा उतरली. खाली पार्किंगमध्ये उभी राहून रडली. मग तिला हसू आलं, कारण सात मजले उतरूनही तिचे गुडघे दुखत नव्हते.

ऑपरेशन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झालं. सकाळी सातला दोघांना आत नेलं. नीला आणि कुमुद बाहेरच्या हॉलमध्ये दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसल्या. त्या शनिवारनंतर नीला तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. एक वाजता कुमुदने डबा उघडला.

"सुचतं कसं तुला खाणं?" नीला म्हणाली. आवाजात विष होतं. "माझा मुलगा आत आहे. तुझ्यामुळे."

"दादाही आत आहे," कुमुद म्हणाली. "मी उपाशी राहिल्याने दोघांपैकी कुणालाही फायदा नाही." एक फुलका आणि भाजी झाकणात काढून तिने मधल्या खुर्चीवर ठेवली. नीलाने तोंड फिरवलं. कुमुदने आपलं जेवण संपवलं. झाकणातलं तसंच राहिलं, वाळून गेलं. तिने ते परत डब्यात भरलं.

दोघंही वाचले. पुष्कर नवव्या दिवशी घरी गेला, विश्वास तीन आठवड्यांनी. पुष्करच्या लग्नाची बोलणी एका ठिकाणी चालू होती, ती मोडली नाहीत. मुलीने म्हणे, व्रणाचा फोटो मागवून बघितला आणि म्हणाली, ठीक आहे. नीला मात्र कुमुदला अजून क्षमा करायला तयार नाही. कुमुदनेही ती मागितलेली नाही. राखी, दिवाळी, कुठल्याही निमित्ताने समोरासमोर आल्या की दोघी विश्वासमार्फत बोलतात, आणि कुमुदचा राग अजून ताजा आहे. वजन हल्ली एकोणसत्तरच्या आसपास असतं. कधी एखादं चढतं, कधी उतरतं. ते तिच्याखेरीज कुणाला माहीत नसतं.

विश्वासचा मात्र रोज सकाळी फोन येतो. परवा तो चोरट्या आवाजात म्हणाला, "गोलू, काल अर्धी वाटी बासुंदी खाल्ली गं. शुगर वाढली. आज उपास करू का?"

"गोलू म्हणायचं नाही मला," ती कडाडली. "आणि उपास कसला करतोस? नाश्ता झाला का?"

"नाही."

"मग आधी मुगाचं धिरडं घाल म्हणावं पुष्करला. तुझ्या हातापायात जीव आला असेल तर स्वतः घाल. एक वाजता जेव आणि चारला खाली चालायला जा. मी पाचला फोन करते. आणि दादा, पुन्हा बासुंदी खाल्लीस तर सांगत जा. लपवलंस तर बघ."

तिने फोन ठेवला आणि समोरची फाइल ओढली. कान अजून गरम होते.